‘शेजारी’ला एक्स्टेंशन

मंगलचा फोन आला तेव्हा मी सकाळचं फिरणं संपवून लिफ्टमध्ये शिरले होते. आमच्या लिफ्टमध्ये फोन लागतो, पण पलीकडचं बोलणं अर्धंच पोचतं. “अनू, हे गेले,” एवढंच कानावर पडलं. हे वाक्य मी मंगलच्या तोंडून गेली पंचवीसेक वर्षं जवळजवळ रोज ऐकत आले आहे. हे गेले भाजी आणायला, हे गेले सोसायटीच्या मीटिंगला, हे गेले कुणाची तरी पाण्याची मोटर बघायला... त्यामुळे मी सवयीने विचारलं, “कुठे?” मग ती म्हणाली, “झोपेतच गं. चहाला उठवायला गेले तर...” आमच्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडलं. समोर चार पावलांवर मंगलचं दार होतं, आणि मी उतरलेच नाही. दार बंद झालं आणि लिफ्ट मला घेऊन पुन्हा खाली गेली. तेराव्यानंतर एकदा धीर करून मी हे मंगलला सांगितलं. ती रडता रडता हसायला लागली. म्हणाली, “हे असते ना, तर तुला म्हणाले असते, याचं कार्ड करायला सांगा पोरांना. लिफ्ट. निघालात तिथेच परत जा.”

अविनाश पोतनीस केंद्र सरकारच्या एका खात्यातून अंडर सेक्रेटरी म्हणून निवृत्त झाले, असं शोकसभेत सांगितलं गेलं. त्यात खोटं काही नाही, पण त्यांना ओळखणाऱ्या कुणाला ती गोष्ट पहिल्यांदा आठवेल असं मला वाटत नाही. आमच्यासाठी पोतनीस म्हणजे ‘बस्तान’. हा पत्त्यांचा खेळ त्यांनी शोधून काढला, घरी बसून बनवला, आणि मग त्यातली कार्डं सुचवायचा हक्क सगळ्या जगाला देऊन टाकला. त्या सुचवलेल्या कार्डांचे परीक्षक आम्ही दोघं. ते आणि मी. या परीक्षणापायी आम्ही जेवढे भांडलो तेवढी मी माझ्या नवऱ्याशीही भांडलेली नाही, आणि नवऱ्याशी भांडायला मला कारण कमी होतं अशातला भाग नाही.

दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरातलं सरकारी क्वार्टर सोडून आम्ही गाझियाबादला, वसुंधरात राहायला आलो तेव्हा नव्वदचं दशक संपत आलं होतं. सगळ्यांच्याच डोक्यात स्वतःच्या घराचं वारं शिरलं होतं. बाजारात रोज नवं काहीतरी येत होतं, टीव्हीवर चॅनेलांचा पूर आला होता, आणि आमच्या इमारतीत मात्र टीव्ही लावायला वीज नव्हती. रस्ता अर्धवट, आजूबाजूला मोहरीची शेतं, आणि ऑफिसला नेणारी चार्टर्ड बस चुकली की दिवस गेला. सामान उतरवत होतो तोच समोरच्या दारातून एक उंच, किडकिडीत गृहस्थ बाहेर आले आणि शुद्ध मराठीत म्हणाले, “मी पोतनीस. तुमच्याकडे शिडी आहे का?” आमच्याकडे होती. ती त्यांनी नेली. पुढे इमारतीत ज्याला लागेल तो ती शिडी पोतनीसांकडे मागायला लागला, आणि वर्षाभरात आम्हीही आमचीच शिडी त्यांच्याकडून मागून आणायला लागलो. “परत करायचं विसरू नका हं वहिनी,” असं ते मला दारात बजावत.

त्या काळात संध्याकाळी लाइट जायची ती मुलांना जेवायला बसवेपर्यंत यायची नाही. मुलं जिन्यात उच्छाद मांडायची. पोतनीसांना स्वतःचं मूल नव्हतं, पण जिन्यातली सगळी मुलं आपोआप त्यांच्या वाट्याला यायची. त्यांना गुंतवायला म्हणून त्यांनी बस्तान काढलं. साध्या पत्त्यांत एकच कॅट असतो आणि तो सगळ्यांत वाटतात. बस्तानात ज्याचा त्याचा कॅट वेगळा. सुरुवातीला सगळ्यांकडे सारखीच थोडीशी कार्डं, एक होल्डॉल, एक ट्रंक आणि काही ‘ओळखी’. दिल्लीत नवा आलेला माणूस दुसरं काय घेऊन येतो? मधे मांडलेल्या बाजारातून एकेक ओळख खर्चून नवं कार्ड घ्यायचं, कूलर, गॅस, बाल्कनी, पाण्याची टाकी. घेतलेलं कार्ड आपल्या कॅटात घालून पिसायचं, म्हणजे पुढे कधीतरी ते हातात येतं. घर, पाणी आणि वीज एकाच वेळी ज्याच्या हातात आली त्याचं बस्तान बसलं, तो जिंकला. मेख अशी की अधाशासारखी कार्डं घेत सुटलं तर कॅट फुगतो, आणि हवं ते हाताला लागत नाही. “घरात अडगळ झाली की असंच होतं,” पोतनीस मंगलकडे न बघता म्हणायचे. मंगल मात्र कधी खेळायला बसली नाही. खेळणाऱ्यांना चहा आणि पोहे द्यायचे आणि सगळ्यांना रिकामटेकडे म्हणायचं, एवढा तिचा सहभाग.

पहिल्या सगळ्या कार्डांची चित्रं पोतनीसांनी स्वतः काढली होती. चित्रकला बेताची. त्यांचा कूलर आणि त्यांची गाय यांत फरक करायचा तर खालचं नाव वाचावं लागे. एके दिवशी दुसऱ्या मजल्यावरची मिताली, असेल दहाअकरा वर्षांची, पाय आपटत म्हणाली, “काका, तुमच्या खेळात लाइट जातच नाही. हा गाझियाबाद वाटतच नाही.” पोतनीस म्हणाले, “मग तू घालव.” दुसऱ्या दिवशी ती एक काळं कुळकुळीत रंगवलेलं कार्ड घेऊन आली. ‘लाइट गेली. सगळ्यांनी आपली कार्डं उलटी धरून न बघता खेळा.’ ते खेळून बघितलं आणि आम्ही हसून हसून बेजार झालो. मितालीचं कार्ड आलं म्हटल्यावर तळमजल्यावरच्या मुलांचं यायलाच हवं. महिन्याभरात एवढी आली की निवड करण्यावाचून गत्यंतर राहिलं नाही.

इथे पोतनीसांमधला अंडर सेक्रेटरी जागा झाला. त्यांनी जाहीर केलं की बस्तानात मंजूर पदं ठरलेली आहेत, ती वाढवता येणार नाहीत. नवं कार्ड भरती व्हायचं तर जुनं एक निवृत्त झालं पाहिजे, आणि ते सगळ्यांत जुनंच हवं. दर वर्षी दिवाळीच्या सुट्टीत परीक्षण, दोन परीक्षक, आणि दोघांचं एकमत झाल्याशिवाय भरती नाही. दुसरी परीक्षक मी, कारण मी सरकारी ऑफिसात अनुवादक, शब्दांना जागच्या जागी बसवायचं माझं काम. कार्ड पाठवणाऱ्याचं नाव मागच्या बाजूला दुमडलेलं असे, ते आधी बघायचं नाही. आणि खेळून बघितल्याशिवाय कुठलंही कार्ड नापास करायचं नाही, कितीही टाकाऊ दिसलं तरी. मग पोतनीस कार्डाच्या पाठीवर फायलीवर मारतात तसा शेरा मारत. ‘सहमत.’ ‘पुढच्या वर्षी पुन्हा सादर करावे.’ आणि अगदीच असह्य असेल तर, ‘कृपया चर्चा करावी.’ म्हणजे ते मूल घरी बोलावून त्याला पोहे खायला घालायचे आणि कार्ड दोघांनी मिळून सुधारायचं. काही लबाड मुलं पोह्यांसाठीच वाईट कार्डं पाठवू लागली.

आमचं पहिलं मोठं भांडण झालं ते ‘चेष्टा’वरून. चित्रात हिवाळ्याची सकाळ, धुकं, आणि स्कूटरला किक मारून मारून दमलेला माणूस. खाली लिहिलेलं, ‘चेष्टा. स्कूटर चालू नाही झाली तर परत चेष्टा करा. झाली तर दोन कार्डं घ्या.’ मी ते बाजूला ठेवलं. म्हटलं, हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न, मराठीत चेष्टा म्हणजे थट्टा. आपली मुलं शाळेत हिंदी शिकतात आणि घरी हे असलं मराठी बोलतात. आपणच हे छापलं तर संपलंच.

“खेळून बघू,” पोतनीस म्हणाले.

“काय खेळून बघू? शब्द चुकलाय.”

“नियम आहे वहिनी. खेळल्याशिवाय नापास नाही.”

जिन्यातली मुलं बोलावली. कार्ड माझ्या हातात आलं. पोतनीस म्हणाले, “करा चेष्टा. मराठीत करा. कुणाची तरी थट्टा करायची. सगळे हसले तर स्कूटर चालू झाली, दोन कार्डं तुमची. नाही हसले तर परत प्रयत्न.” मी संतापले होते, त्या भरात त्यांच्या कूलरवरून काहीतरी बोलले, की या कूलरला सकाळ-संध्याकाळ चारा घालावा लागतो. मुलं खो खो हसली. स्वयंपाकघरात मंगलही हसली. पोतनीसांनी मला दोन कार्डं दिली आणि पाठीवर शेरा मारला, ‘दोन्ही अर्थांनी सहमत.’ त्या कार्डाने पुढे जे राज्य केलं ते विचारू नका. आणि गंमत अशी की चेष्टा म्हणजे मराठीत काय, हे आमच्या इमारतीतल्या एकाही मुलाला त्यानंतर सांगावं लागलं नाही. माझ्या व्याकरणाने जे झालं नसतं ते त्या चुकीने केलं. हे मी पोतनीसांना त्यांच्या हयातीत सांगितलं नाही. ते चढून बसले असते.

निवृत्त होणाऱ्या कार्डाला निरोप देण्याचा समारंभ असे. समोसे, चहा, आणि पोतनीसांचं भाषण. “श्रीयुत कूलर यांनी या कार्यालयात निष्ठेने सेवा केली. उन्हाळ्यात ते कधी वेळेवर आले नाहीत, हे आपण आज विसरू या.” मग ते कार्ड, ज्याच्या कार्डाने त्याची जागा घेतली, त्याला भेट मिळायचं. खेळाच्या झेरॉक्स प्रती फरीदाबादला गेल्या, कुणाच्या बदलीबरोबर आणखी लांब गेल्या, आणि कार्डं टपालाने येऊ लागली. दिल्ली कँटोन्मेंटमधून एका सुभेदारांच्या मुलीने ‘बदली’ पाठवलं. सगळ्यांनी आपला जमवलेला अख्खा कॅट डाव्या हाताच्या खेळाडूला द्यायचा, आणि समोर येईल त्यावर नव्याने बस्तान बसवायचं. ते आम्ही खेळून बघितलं. पोतनीसांनी ‘सहमत’ लिहिलं आणि बराच वेळ पेन खाली ठेवलं नाही. पुढे मिताली नोकरीसाठी परदेशी गेली. एकदा तिचा फोन आला, “काका, इकडे असे गेम्स आता दुकानात मिळतात. डेक-बिल्डिंग म्हणतात यांना. तुम्ही कित्ती आधी केलं होतं यार.” पोतनीस इतके खूश झाले की त्यांनी त्या संध्याकाळी दारं वाजवून सगळ्या इमारतीला सांगितलं. कुणी म्हणालं, तुमची आयडिया चोरली की हो. तर म्हणाले, “चोरली कशाला, दोघांनाही सुचली. म्हणजे आयडिया चांगली होती ना?”

आता या सगळ्यात एक गोष्ट हळूहळू घडत होती, ती माझ्या लक्षात फार उशिरा आली. सर्वांत जुनी कार्डं पोतनीसांची, त्यामुळे निवृत्त व्हायची तीच. होल्डॉल गेला, ट्रंक गेली, गायीसारखा कूलर गेला. त्यांच्या जागी मुलांचे इन्व्हर्टर आणि मेट्रो आणि मॉलमधले सरकते जिने आले. शेवटी पोतनीसांच्या हातचं एकच कार्ड उरलं, ‘शेजारी’. चित्रात शिडी, आणि शिडीवर कोण आहे ते ओळखू येत नाही. ‘कोणाचंही एक कार्ड उसनं घ्या. त्याने परत मागितलं तर चहा पाजा.’ ते निवृत्त व्हायची पाळी आली त्या वर्षी मी हटून बसले. म्हटलं, याला एक्स्टेंशन.

“नियमात बसत नाही,” पोतनीस म्हणाले.

“सरकारात कुणाकुणाला एक्स्टेंशन मिळतं ते मला माहीत आहे. नियमाचं मला सांगू नका.”

ते हसले आणि त्या वर्षी दुसरं कार्ड काढलं. पुढच्या वर्षी मी पुन्हा तेच केलं, आणि त्याच्या पुढच्याही. एकमत झाल्याशिवाय काही होत नव्हतं, आणि मी मत देत नव्हते. पोतनीसांना मात्र मनापासून ते कार्ड जायला हवं होतं. गेल्या दिवाळीत आम्ही बाल्कनीत परीक्षणाला बसलो होतो. ते थकलेले दिसत होते, कार्ड डोळ्यांजवळ धरून वाचत होते. म्हणाले, “वहिनी, यंदा तरी सोडा बिचाऱ्याला.”

मी म्हटलं, “ते गेलं की खेळात तुमचं काय उरेल?”

“काहीच नाही. तेच तर बघायचंय मला. कुणीतरी नवीन पोर येईल, मी कोण, कुठला, काही माहीत नाही, आणि तरी खेळतंय... मग समजायचं की खेळाचं बस्तान बसलं. तोवर तो माझ्याच घरात राहतोय.”

“बिल्कुल नाही,” मी म्हटलं. मला खरं तर रडू येत होतं, म्हणून मी रागाने बोलले. “पुढच्या वर्षी बघू.”

“पुढच्या वर्षी एक्स्टेंशन नाही हं,” ते म्हणाले.

यंदा नवरात्राच्या सुमाराला ते गेले. दिवाळी कोण करतंय, असं मी धरून चालले होते. पण कार्डं यायची थांबली नाहीत. मंगलने सगळी एका परातीत घालून माझ्यापुढे आणून ठेवली आणि स्वतः समोरच्या खुर्चीत बसली. “दोन परीक्षक लागतात ना?” म्हणाली. “मला यातलं काही कळत नाही, पण यांचे नियम पाठ आहेत. ऐकून ऐकून.” उघडून बघितलं तर बहुतेक कार्डं पोतनीसांवरच. आता चाळिशीकडे झुकलेल्या त्या मुलांनी जगभरातून पाठवलेली. ‘पोतनीसकाका’, ‘काकांचा चहा’, ‘कृपया चर्चा करावी’. मितालीने तर त्यांचं इतकं हुबेहूब चित्र काढलं होतं की मंगलने ते उचलून छातीशी धरलं. आम्ही एकेक खेळून बघितलं. आणि मी एकेक नापास केलं. प्रत्येक कार्डावर प्रेम ओसंडत होतं, पण खेळात एकही चालत नव्हतं. मंगल दर वेळी मान हलवून “बरोबर आहे” म्हणत होती. मला वाटलं, सुटलो. भरती नाही, म्हणजे निवृत्तीही नाही. ‘शेजारी’ आणखी एक वर्ष राहील.

मग परातीत तळाशी ते कार्ड निघालं. चित्रात दोन गाड्या एकमेकींना नाक लावून उभ्या, आणि दोन माणसं हात मिळवतायत. खाली लिहिलेलं, ‘राजीनामा. दोन खेळाडूंनी मिळून राजीनामा करा. दोघांना एक-एक नवीन कार्ड.’ मला काही उलगडा होईना. मागे दुमडलेलं नाव बघण्याआधी खेळायला हवं होतं, पण खेळायचं काय तेच कळत नव्हतं. शेवटी नियम मोडून नाव बघितलं. रेवा, मागच्या विंगमध्ये पंधरा दिवसांपूर्वी राहायला आलेल्या कुटुंबातली मुलगी. पोतनीसांना तिने पाहिलेलंही नव्हतं. तिला बोलावून घेतलं आणि मंगलने सवयीने पोहे टाकले.

मी विचारलं, “यात राजीनामा कोणी दिलाय?”

“दिला नाही काकू, झाला,” रेवा म्हणाली. “पापांचं आणि खालच्या अंकलचं पार्किंगवरून भांडण चालू होतं ना. मग दोघांचा राजीनामा झाला. पापा थोडे मागे सरकले, अंकल पण सरकले.”

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आयुष्यभर मी ज्या शब्दांवर पोसले गेले त्यांतलाच हा एक. आपण मराठीत राजीनामा म्हणतो ते पद सोडणं. इकडे उत्तर प्रदेशात राजीनामा म्हणजे तडजोड, दोन्ही बाजू राजी झाल्याचा कागद. पोतनीस असते तर त्यांनी काय केलं असतं ते मला स्वच्छ दिसलं. मी म्हटलं, दोन्ही अर्थ घेऊ. दोघांनी राजीखुशीने आपलं एकेक कार्ड सोडायचं, तरच दोघांना नवं मिळेल. मंगल, रेवा आणि मी, तिघी खेळलो. सोडायचं कुठलं, हे ठरवताना जी घालमेल झाली, आणि सोडल्यावर जी मजा आली, तशी मजा मला बऱ्याच वर्षांत आली नव्हती. कार्ड चोख होतं. नापास करायला माझ्याकडे एकही कारण नव्हतं.

मी मंगलकडे बघितलं. तिला ठाऊक होतं याच्या बदली कोण जाणार ते. ती म्हणाली, “लिही.” मी पेन घेतलं आणि पाठीवर लिहिलं, दोन्ही अर्थांनी सहमत. अक्षर वाईट आलं.

समोसे मागवले. निरोपाचं भाषण मी करायचं ठरलं. “‘शेजारी’ यांनी या कार्यालयात...” एवढंच म्हणाले मी. मंगलने माझ्या हातातलं कार्ड काढून घेतलं आणि रेवाला दिलं. रेवाने ते निरखून बघितलं, उलटं केलं, मागचं पुसट झालेलं नाव वाचलं आणि विचारलं, “पोतनीस कोण?”

ते गेल्यापासून त्या नावाने मंगलचे डोळे भरून आले नाहीत असं एकदाही झालं नव्हतं. मी घाबरून तिच्याकडे बघितलं. ती हसत होती. पदराने हात पुसून तिने समोरचा कॅट उचलला आणि पिसायला घेतला.

“मी,” ती म्हणाली. “मीच पोतनीस. सरक जरा, आणि वाट पत्ते.”